अंगठ्याला साक्ष

आज सकाळी पुन्हा बँकेचा मेसेज आला. आता शाखेत यायची गरज नाही, सगळी कामं घरबसल्या करा. दुकानदार कधी गिऱ्हाइकाला सांगतो का, की बाबा रे, माझ्या दारात येऊ नकोस? ही बँक सांगते, आणि वर आभारही मानते. मुलीनं माझ्या फोनमध्ये ते अ‍ॅप टाकून दिलंय. तरी मी महिन्या-दोन महिन्यांनी शाखेत जातेच. "आई, तू तिथं कशाला जातेस?" असं ती विचारते. मी म्हणते, "काम असतं." हे उत्तर माझं नाही, माझ्या आईकडून आलेलं आहे.

यवतमाळच्या मुख्य रस्त्यावर हिचा काचेचा दरवाजा, आत थंडगार, दारात टाय लावलेली मुलगी हात जोडून उभी. देशभर हिच्या शाखा आहेत म्हणतात. असतील. पण ही लहान होती तेव्हापासून मी हिला ओळखते. तेव्हा हिचं नाव वेगळं होतं आणि बोरी अरबच्या बाजारात, एका कापसाच्या व्यापाऱ्याच्या घरातल्या पुढच्या दोन खोल्यांत ही राहत होती. दारापुढं कडुनिंब, आत जाळीमागं खजिनदार, आणि भिंतीला लागून सागवानी बाक. तो बाक नसता तर माझी आई मला सासरी गेल्यावर भेटलीच नसती. हे मी वाढवून सांगत नाही.

त्याला कारण बँड. वाजंत्रीचा.

माझं लग्न ठरलं तेव्हा सासऱ्यांनी हौसेनं थेट पुसदचा बँड ठरवला होता. लाल कोट, सोनेरी झालर, सगळा थाट. माझे बाबा रस्त्याच्या कामावर गँगमध्ये होते, आणि तत्त्वाला फार पक्के. आमच्या घरात देव नव्हता, पाटी होती. बाबांनी आईला लग्नानंतर त्याच पाटीवर अक्षरं शिकवली, सही शिकवली, आणि कोणी कागदावर अंगठा टेकवताना दिसला की ते अख्ख्या वस्तीसमोर त्याला अंगठेबहाद्दर म्हणून हिणवायचे. अशा माणसाच्या दारात बँड वाजत आला. बाबा म्हणाले, "पोरीचं लग्न हाय, सर्कस नाही," आणि बँडवाल्यांना चहा पाजून दारावरून परत पाठवलं. त्रिशरण, पंचशील, फुलं, झालं लग्न. त्यातही लग्न लावणारे गृहस्थ चष्मा घरी विसरून आले होते, म्हणून पुस्तकातून वाचायचं काम आईनं केलं. ती खणखणीत आवाजात वाचत होती, आणि समोर सासरे ज्वालामुखीसारखे धुमसत बसले होते.

ते तिथं काही बोलले नाहीत. घरी आल्यावर बोलले. ज्या घरानं आपला बँड परत धाडला त्या घराची पायरी आपल्या घरचं माणूस चढणार नाही, आणि तिकडचं इकडं येणार नाही. मला वाटलं, चार दिवसांचा राग आहे. नव्या नवरीला असं वाटतं. नवरा स्वभावानं गरीब, वडिलांसमोर त्याच्या तोंडातून शब्द फुटायचा नाही. माझं माहेर नदीच्या पलीकडं, गच्चीवर उभं राहिलं की तिकडची चिंचेची झाडं दिसायची. मी कपडे वाळत घालायला गच्चीवर जायची आणि ओल्या कपड्यांची बादली तशीच ठेवून तिकडं बघत राहायची.

मग बाबा गेले. मला सकाळी नेलं आणि संध्याकाळी परत आणलं. आईच्या गळ्यात पडून नीट रडूही दिलं नाही, असा राग मला आजही येतो. भाऊ वणीला कोळशाच्या ट्रकवर होता, तो दिवस करून निघून गेला. आई एकटी राहिली. घर, थोडीशी शेती, कापूस आणि बांधावरची तूर.

त्या हंगामात कापसाच्या व्यापाऱ्यानं तिला रोख न देता चेक दिला. म्हणून ती बोरीच्या बँकेत खातं उघडायला गेली. दोन-तीन दिवसांनी बँकेचा शिपाई सायकलवर आमच्या दारात. "सूनबाईले बँकेत बोलावलं हाय. तिच्या मायच्या खात्याले साक्ष लागते."

सासरे ओसरीत सुपारी कातरत होते. अडकित्ता थांबला. मग म्हणाले, "सरकारी काम हाय. अडवता येत नाही." ती बँक काही सरकारी नव्हती. शिपाई तसं सांगायला तोंड उघडणारच होता, पण मी त्याच्याकडं असं पाहिलं की त्यानं ते मिटून घेतलं.

बाजाराच्या दिवशी मी बँकेत गेले. आई बाकावर बसलेली. पांढऱ्या कपाळाची आई मी तेव्हा दुसऱ्यांदाच पाहत होते. मॅनेजरनं कागद पुढं केला आणि आईनं शाईच्या डबीत अंगठा बुडवून त्यावर दाबला. मी तिच्या कानात म्हटलं, "माय, काय करून राह्यली? तुले तं सही येते!"

"चूप राह्य," ती म्हणाली.

बाहेर कडुनिंबाखाली आल्यावर मी चिडलेच. बाबा असते तर काय म्हणाले असते, त्यांनी शिकवलेलं असं पाण्यात घातलंस, असं काहीबाही बोलले. आई पदरानं अंगठ्याची शाई पुसत होती. ती निघत नव्हती.

"सही केली असती तं मले एकटीलेच या लागलं असतं," ती म्हणाली. "अंगठ्याले साक्ष लागते. जितक्या खेपा पैसे काढीन तितक्या खेपा. अन् साक्ष ओळखीच्याच मानसाची. म्या सांगतलं, माह्यी पोरगी इथंच जवळ देली हाय, तिलेच बलावा."

तिनं माझ्या हातात एक पुडकं दिलं. जवारीची भाकर आणि अंबाडीची भाजी, माझ्यासाठी केलेली. सासरी आल्यापासून मी तिच्या हातचं खाल्लं नव्हतं. मी तिथंच, बाजाराच्या गर्दीत, उभ्यानं ती भाकर खाल्ली आणि रडले.

तेव्हापासून दर बाजारी आईला बँकेत काम निघायचं. बाकीचे लोक कापसाचे पैसे एकदम उचलून नेत. आई फक्त बाजारापुरते काढायची. एखाद्या आठवड्यात काढायची गरज नसली तर भरायची आणि पुढच्या आठवड्यात तेच काढायची. जाळीमागचा खजिनदार पुसदकडचा, मिश्कील माणूस. एकदा म्हणाला, "माय, तुझे पैसे इथं ठेवायला येतात का फिरायला?" आई म्हणाली, "घरी बसून त्याइलेबी करमत नाही, साहेब." तो हसला आणि पितळी टोकन पुढं सरकवलं.

अख्खी बँक घाईत असायची. कोणाची बैलगाडी उन्हात, कोणाची एसटी निघून जायची. आम्ही दोघीच अशा, की आमचा नंबर लवकर येऊ नये असं वाटायचं. आई मागच्याला म्हणायची, "तुम्ही घ्या भाऊ, आमाले घाई नाही." लोक तिला फार भली बाई समजायचे. तेवढ्या वेळात त्या बाकावर सगळं व्हायचं. सासूच्या कुरबुरी सांगून व्हायच्या, माझ्या केसांत बोटं घालून ती ऊ बघायची, शेवया, बोरं, तिळाचा लाडू पदराखालून माझ्या पिशवीत जायचा. मला दिवस गेले ते मी तिला त्याच बाकावर सांगितलं. मुलगी झाल्यावर तिनं नातीला पहिल्यांदा मांडीवर घेतलं ते तिथंच, आणि खजिनदारानं शिपायाला पाठवून पेढे आणवले. बारशाला तिला बोलावणं नव्हतं, पण बँकेत तिनं नातीच्या कानात नाव सांगितलं.

अंगठा मात्र तिला डाचायचा. तिनं तसं कधी म्हटलं नाही, पण मला दिसायचं. शेजारी नवी पोरगी झोकात सही करून गेली की आई आपला अंगठा मुठीत घ्यायची. कोणी "या म्हातारीला वाचून दाखवा" म्हणालं की तिचा चेहरा उतरायचा. खजिनदाराच्या टेबलावर पेपर असायचा. आईची नजर त्यावरच. एक दिवस त्यानं तो पेपर तिच्या हातात दिला आणि मोठ्यानं म्हणाला, "घे माय, चित्रं पाहा." आई चित्रं पाहण्यात इतकी गुंगली की आतलं पानही उलटून तिनं वाचून काढलं. तो जाळीतून बघत होता. त्यालाही कळलं असावं. पण तो कधी काही बोलला नाही, आणि त्यासाठी मी त्याला आजही दुवा देते.

मग एक दिवस बँकेचा बोर्ड बदलला. दुसऱ्या कोणत्या तरी बँकेनं हिला घेतली म्हणे. मर्ज झाली, असा शब्द बाजारभर फिरला. लग्नात पोरीचं नाव बदलतात तसं नाव बदललं, घर तेच राहिलं. लोक घाबरले, पैसे बुडतात की काय म्हणून दारात गर्दी केली. मॅनेजर ओट्यावर उभा राहून ओरडून ओरडून समजावत होता. आईनं गर्दीतून वाट काढत त्याला एकच विचारलं, "बाक राह्यते ना?"

"कोणता बाक?"

"आतला. बसाचा."

मॅनेजर तिच्याकडं बघतच राहिला. म्हणाला, राहील. आई निवांत झाली.

बाक आणखी बरीच वर्षं राहिला. खजिनदार निवृत्त होऊन पुसदला गेला. जाळी निघाली, कॉम्प्युटर आले. मग त्या दुसऱ्या बँकेलाही या मोठ्या बँकेनं घेतलं. मोठ्या घरी पडलेल्या सुनेसारखे हिचे रंगढंग बदलले. भिंतीला चकचकीत रंग, दाराला काच, पितळी टोकनाच्या जागी मशीनमधून निघणारी चिठ्ठी. बाक गेला. त्याजागी एकमेकांना जखडलेल्या लोखंडी खुर्च्या, आणि दोन खुर्च्यांच्या मधे लोखंडी दांडा. आई म्हणाली, "हे काय केलं माय, टेकूनबी बसता येत नाही मानसाले मानसाजवळ." तरी आम्ही त्या दांड्यावरून हात टाकून बसायचो.

त्या बँकेचा एक तरणा साहेब गावात सभा घ्यायला आला. आम्ही देशातली मोठी खाजगी बँक, असं तो पुन्हा पुन्हा सांगत होता. सासरे पहिल्या रांगेत बसलेले. इतकी वर्षं ज्या सरकारी कामाच्या नावावर मी बाहेर पडत होते, ते या पोरानं माईकवरून धुऊन टाकलं. घरी येताना सासरे काय म्हणतात याकडं माझे कान. ते एवढंच म्हणाले, "असन खाजगी. आपल्याले काय करायचं." पुढच्या बाजारी मी पिशवी घेतली, त्यांनी अडवलं नाही. मला तेव्हा वाटलं, म्हातारपणी ध्यानात राहत नसेल.

घात केला तो मशीननं. अंगठ्याचं मशीन आलं. साहेबानं आईचा अंगठा धरून त्या काचेवर ठेवला. लाल दिवा. पुन्हा ठेवला, पुन्हा लाल. "आजी, जरा दाबून." आई म्हणाली, "कापूस येचून येचून घासला, बापू. नाही उमटत." तिच्या आवाजात एवढा आनंद होता की मला हसू आवरेना. पण पोरगा चिकाटीचा निघाला. त्यानं रुमाल ओला केला, तिचा अंगठा आजारी लेकरासारखा हळुवार पुसला, हा नाही तर तो म्हणत डाव्या हाताचाही करून पाहिला, आणि हिरवा दिवा लागला. त्याला केवढा हर्ष झाला.

"झालं आजी! आता कोणालाही सोबत आणायची गरज नाही. तुमचा अंगठाच तुमची साक्ष. आणि पुढच्या महिन्यापासून ही शाखा दारव्ह्याच्या शाखेत विलीन होतेय, पण काळजी करू नका. तुमच्या गावातच दुकानावर हे मशीन राहील. एवढ्या दूर यायलाच नको."

त्याचं काही चुकलं नव्हतं. म्हातारीचे हेलपाटे वाचवले म्हणून त्याला मनापासून बरं वाटत होतं. आईनं त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मग बाहेर आली आणि कडुनिंबाच्या बुंध्याला टेकून उभी राहिली.

शाखेतला शेवटचा बाजार आला. आई नवं लुगडं नेसून आली होती. साहेबाजवळ जाऊन म्हणाली, "मले सही येते. माह्या नावासमोरचा अंगठा काढून टाका."

साहेबाला वाटलं, म्हातारी चेष्टा करते. त्यानं पेन दिलं. आईनं पेन घट्ट धरलं, जीभ किंचित बाहेर काढली आणि सावकाश, एकेक अक्षर, पूर्ण नाव लिहिलं. आधी तिचं, मग बाबांचं, मग आडनाव. वर रेघ ओढली, ती जराशी तिरपी गेली, तर ती तिला आवडली नाही. बाबांच्या पाटीवरची ती अक्षरं मी लहानपणी पाहिली होती.

"आजी, मग इतकी वर्षं अंगठा का?"

"तवा साक्ष लागत होती," आई म्हणाली.

त्याला कळलं नाही. त्यानं मान हलवली आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळला.

त्या दिवशी घरी आले आणि पिशवी खुंटीला अडकवताना हुंदका फुटला. सासरे बाजेवर पडून होते. आताशा त्यांना उठवत नसे. "काहून रडतं?" म्हणाले. इतक्या वर्षांत नव्हतं ते धैर्य माझ्यात कुठून आलं कोण जाणे, मी म्हटलं, "बँक बंद झाली मामाजी. आता माय भेटणार नाही मले."

ते छताकडं पाहत म्हणाले, "लग्नात पुस्तक तिनंच वाचलं होतं, माह्यासमोर. भराभरा. वाचनारी बाई अंगठा लावते, अन् पोरगी म्हने साक्षीले जाते. मी का येडा हाय?"

"मंग काहून जाऊ देलं?" मी विचारलं.

"बोललो होतो एकदा. मांगं कसा घेऊ?" मग भिंतीकडं तोंड करून, "बोलाव तिले घरी. बँडचं काही राह्यलं नाही आता."

लोक म्हणतील, बघा, मनानं किती मोठा माणूस. मला मात्र आधी संताप आला. सगळं ठाऊक असून या माणसानं आम्हा मायलेकींना बाकावर बसवून ठेवलं! एक शब्द मागं घ्यायला जमला नाही म्हणून माझ्या आईनं वर्षानुवर्षं चारचौघांत अडाणी म्हणवून घेतलं. मग आठवलं, त्यानं एकाही बाजारी मला अडवलं नव्हतं. सरकारी काम हे त्याचंच बोलणं होतं. या दोन्ही गोष्टींची गाठ मला अजून सुटलेली नाही. ते गेले, त्यांची शेवटपर्यंत सेवा मीच केली, तरी सुटली नाही.

आई आली. पहिल्यांदा माझ्या घरात आली. मी तिला खुर्ची दिली, चहा केला, पोहे केले. ती पदर सावरून बसली. सासऱ्यांनी हात जोडले, तिनं जोडले. शेतीचं विचारून झालं, पावसाचं विचारून झालं. मग आम्ही दोघी समोरासमोर बसलो आणि आम्हाला काही बोलायलाच सुचेना. पाहुणी आल्यासारखी ती घर बघत होती, मी तिला आणखी पोहे घे म्हणत होते. थोड्या वेळानं ती उठली. म्हणाली, "चाल वं, बोरीले जाऊन येऊ."

बँकेचं शटर खाली होतं. बोर्ड उतरवल्याच्या खुणा भिंतीवर होत्या. आई ओट्यावर बसली, मी तिच्याजवळ बसले, आणि तिनं पदराखालून पुडकं काढलं. घरी दिलं नव्हतं तिनं ते. "आता सांग," म्हणाली. दिवस कलेपर्यंत आम्ही बोलत होतो.

त्यानंतर ती जगली तोवर आम्ही तिथंच भेटत राहिलो. घरी यायची मुभा होती, तरी. तिच्या शेवटच्या आजारपणात मी तिच्याजवळ होते. ती झोपेत म्हणायची, तुम्ही घ्या भाऊ, आमाले घाई नाही.

आता मी यवतमाळला राहते. कोणी अडवणारं नाही, कुठं जायला साक्ष लागत नाही. तिची आठवण फार आली की मी या मोठ्या बँकेत जाते. आज मेसेज वाचला आणि उठून गेलेच. चिठ्ठी घेतली, खुर्चीवर बसले. नंबर आला, शेजारच्या बाईला म्हटलं, तुम्ही घ्या. पुन्हा चिठ्ठी काढली, पुन्हा तेच. शेवटी दारातली टायवाली मुलगी जवळ आली. भली पोर आहे. वाकून म्हणाली, "मॅडम, तुम्ही कोणासाठी थांबलात का?"

"आई येणार आहे," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं.

तिनं माझ्या पांढऱ्या केसांकडं पाहिलं. मग शेजारच्या खुर्चीवरची कोणाची तरी पिशवी उचलून खाली ठेवली.

"बसा मग," ती म्हणाली, "येतील."